फॉल्ट घाटात येतो आणि गॅरेजात गायब होतो: जुन्या टर्बो गाडीच्या वायरिंगचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. २००९ ची टर्बो (इंजिनात दाबानं जादा हवा भरणारा पंखा) असलेली डिझेल सेडान, एक लाख सत्तर हजार किलोमीटर झालेली. रत्नागिरीहून परत येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकदम पिकअप जातो, इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी कशीबशी ओढत वर येते. बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हा चालू केली की काही झालंच नाही अशी पळते. कोल्हापूर शहरात महिना महिना काही त्रास नाही. स्कॅनरवर बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) आणि रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब मोजणारा) असे दोन फॉल्ट कोड आले, म्हणून बूस्ट सेन्सर नवा टाकला. बॅटरी नवी टाकली. फरक शून्य. आता तिसऱ्या ठिकाणी ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदला असं सांगितलंय. शिवाय अधूनमधून सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक होतं आणि डॅशबोर्डवरचे काटे नाचतात.

ईसीएम बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. जे वर्णन तुम्ही केलंय त्या वर्णनाच्या गाड्या माझ्याकडं सहसा तिसऱ्या किंवा चौथ्या गॅरेजनंतर येतात, तोवर निम्मे सेन्सर नवे झालेले असतात आणि मालक वैतागून गाडी काढायच्या विचारात असतो. अशा बहुतेक गाड्यांत सेन्सर चांगले होते, ईसीएम चांगला होता, आणि दोष त्या दोघांच्या मधल्या तीन-चार फूट वायरीत, एखाद्या पिनेत किंवा अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या वायरीच्या, बोल्टाखाली होता. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो: यापुढं एकही पार्ट विकत घेण्याआधी मोजमाप करून घ्या, आणि ते मोजमाप फॉल्ट हजर असताना करा.

सुरुवात कोडपासून करू, कारण तुमच्या दोन कोडमध्येच अर्धं उत्तर आहे. टर्बो गाडीत पिकअप गेला की कोड दोन जातींचे येतात. एक जात म्हणजे पी०२९९, अंडरबूस्ट. याचा अर्थ सेन्सरचं रीडिंग नीट येतंय, पण ईसीएमनं मागितली तेवढी हवा आत येत नाही. मग पाइप फुटलाय का, क्लिप सैल आहे का, व्हॅक्यूमची नळी चिरलीय का, टर्बोच्या आतली हलती पाती काजळीनं अडकलीत का, हे बघायचं. ते मेकॅनिकचं काम. दुसरी जात म्हणजे पी०२३७ किंवा पी०१९२, ज्यांच्या नावात ‘सर्किट लो’ असतं. याचा अर्थ सेन्सरच्या सिग्नलचं व्होल्टेज इतकं खाली गेलं की ते खरं रीडिंग असूच शकत नाही. हे वायरमनचं काम. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनरच्या फोटोत पी०२३७ आणि पी०१९२ दोन्ही आहेत, दोन्ही ‘लो’, आणि दोन्ही एकाच वेळी नोंदलेले. बूस्ट सेन्सर बसतो इनटेकच्या पाइपवर, रेल प्रेशर सेन्सर बसतो डिझेलच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना दाबानं डिझेल पुरवणाऱ्या नळीवर. दोन वेगळ्या जागचे दोन वेगळे सेन्सर घाटातल्या एकाच वळणावर एकाच क्षणी मरतील आणि चावी फिरवली की दोघंही एकदम जिवंत होतील, असं होत नाही. दोघांत सामायिक काय आहे ते शोधायचं.

सामायिक असतो तो पाच व्होल्टचा पुरवठा. या सेन्सरना बॅटरीचे बारा व्होल्ट थेट जात नाहीत. ईसीएम आतल्या आत नेमके पाच व्होल्ट तयार करतो आणि एका वायरीनं दोन-तीन सेन्सरना मिळून पुरवतो. बऱ्याच गाड्यांत असे दोन स्वतंत्र पुरवठे असतात आणि कुठला सेन्सर कुठल्या पुरवठ्यावर आहे हे वायरिंग डायग्राममध्येच कळतं, म्हणून तुमच्या मॉडेलचा डायग्राम हाताशी ठेवा. या पाच व्होल्टच्या वायरीला कुठं तरी खरचटलं आणि ती क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकली, की त्या रांगेतल्या सगळ्या सेन्सरचं व्होल्टेज एकदम कोसळतं. ईसीएमला वाटतं सेन्सर गेले. तो गाडी वाचवायला ताकद कमी करतो आणि चावी बंद होईपर्यंत त्याच अवस्थेत ठेवतो. चावी पुन्हा लावली, तेव्हा वायर लोखंडापासून सुटलेली असते, म्हणून सगळं आलबेल. तुमची लक्षणं यात चपखल बसतात. पण बसतात म्हणून मी ते सिद्ध झालंय असं धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नका.

आता गाडीला हात लावण्याआधी एक वही करा. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो तेव्हा पुष्कळांना मी काम टाळतोय असं वाटतं. पण कधीतरी येणाऱ्या फॉल्टला माझ्या गॅरेजात यायचं बंधन नसतं, त्याला कुठं गाठायचं ते मला गिऱ्हाईकच सांगू शकतं. फॉल्ट आला त्या क्षणी काय काय होतं ते लिहा: इंजिन किती गरम, कुठला गिअर, चढ का सपाट, ॲक्सिलरेटर दाबलेला का सोडलेला, एसी चालू का, पाऊस होता का, आदल्या रात्री गाडी धुतली होती का, खड्डा आदळला का. घाट म्हणजे तीन गोष्टी एकदम असतात. टर्बोच्या आसपास प्रचंड उष्णता, इंजिनावर ताण आल्यानं त्याचं माउंटिंगवर, म्हणजे रबरी बैठकीवर, एका बाजूला कलणं, आणि वळणावळणाला बसणारे हेलकावे. या तीन वेगळ्या करता आल्या तर शोध निम्म्यावर येतो. सकाळी थंड इंजिनावर वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवा. थंड इंजिनावरही फॉल्ट आला तर उष्णता बाजूला, कलण्याकडं बघायचं. उलट घाट चढून आल्यावर वर थांबवून इंजिन चालू ठेवलं आणि पाच-दहा मिनिटांनी उभ्या गाडीत दिवा लागला, तर उष्णता. वही नसली की हा सगळा अंदाज राहतो.

आता तुमचं सकाळचं टक-टक. हा बहुधा वेगळा फॉल्ट आहे, पण आधी हाच मिटवायचा, कारण अर्थिंग कच्चं असताना पुढचं कुठलंच मोजमाप खरं मानता येत नाही. बॅटरी नवी आहे म्हणता, तरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मध्ये आहे का ते बघून घ्या. मग खरी परीक्षा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, वरच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर) नाही. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं आणि सेल्फ फिरत असतानाचा आकडा वाचायचा. ०.२ व्होल्टच्या आत असला तर रस्ता मोकळा आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर बॅटरी ते इंजिन या वाटेत कुठं तरी अडथळा आहे. लाल पिन बोनेटखालच्या बॉडीवर लावून हेच परत करा. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीचा खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट असं मोजा, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

मागच्या उन्हाळ्यात कागलकडची एक गाडी आली होती. तक्रार अगदी तुमच्यासारखी, काटे नाचतात, कधी सेल्फ लागतो कधी नाही. मोजलं तर सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये १.३ व्होल्ट. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी बघितली, बोल्ट घट्ट, वरून चकचकीत. बोल्ट सोडला आणि थिंबल उचललं, तर खाली पूर्ण गोल जागेत पांढरा रंग. समोरून ठोकर बसल्यावर डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, रंग मारणाऱ्यानं बोल्टाच्या जागेवरही फवारा मारला आणि जोडणाऱ्यानं तसंच आवळलं. सगळा करंट फक्त बोल्टाच्या आट्यांतून जात होता. पॉलिश पेपरनं जागा पांढरीशुभ्र लोखंडापर्यंत घासली, थिंबलची दोन्ही अंगं घासली, आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.०८. पार्टचा खर्च काही नाही. अर्थिंग कच्चं झालं की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी क्लचच्या केबलमधून, कधी सेन्सरच्या बारीक निगेटिव्हमधून जाते. सेल्फ मारल्यावर क्लच केबलचं आवरण हाताला गरम लागलेली गाडी मी बघितली आहे. अशा गाडीत स्कॅनर दहा कोड दाखवतो आणि त्यातला एकही खरा नसतो.

इथं एक सावधगिरी. पुष्कळ पोरं वायर तपासायला मीटर ओहमवर ठेवतात, पीप वाजला की वायर चांगली म्हणतात. मोठ्या करंटच्या वायरीला ही परीक्षा लागू पडत नाही. वीस तारांपैकी एक तार जोडलेली असली तरी पीप वाजतोच, कारण मीटर जेमतेम काही मिलीॲम्पिअर सोडून बघतो. म्हणून मी हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून ठेवलाय. पंप, रिले, फॅन अशा बारा व्होल्टच्या वायरीच्या टोकाला तो लावायचा. बल्बाला साडेचार ॲम्पिअरच्या आसपास लागतात. वायर आतून तुटत आली असेल तर बल्ब मिणमिणतो आणि तिथंच कळतं. मात्र हा बल्ब सेन्सरच्या पाच व्होल्टच्या वायरीला, ईसीएमच्या सिग्नलला किंवा पिवळ्या एअरबॅगच्या वायरीला कधीही लावू नका. एअरबॅगच्या वायरींना तर मीटरही लावायचा नाही. इंजेक्टरच्या वायरीही सोडून द्या, कॉमन रेलमध्ये तिथं क्षणभर साठ-सत्तर व्होल्टच्या वर झटके असतात.

आता मुख्य शिकार. गाडी थांबलेली असताना फॉल्ट येत नाही, म्हणून मीटर गाडीबरोबर घाटात न्यायचा. बूस्ट सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढायचा नाही. त्याच्या मागच्या बाजूनं, जिथं वायरीभोवती रबरी सील असतं, तिथून शिंप्याची बारीक टाचणी वायरीच्या कडेनं आत सरकवायची, पितळी पिनेला टेकेपर्यंत. एक टाचणी पाच व्होल्टच्या वायरीला, एक त्याच सेन्सरच्या निगेटिव्हला. दोन टाचण्या एकमेकींना टेकणार नाहीत याची खात्री करून टेपनं गच्च बांधायच्या. त्यांना लांब वायरी जोडून बोनेटच्या कडेनं, टर्बो आणि फॅनपासून दूर, खिडकीतून आत घ्यायच्या. मीटरवर मिन-मॅक्सचं (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असलं तर ते चालू करायचं. चावी लावल्यावर ४.९ ते ५.१ च्या मध्ये काहीतरी दिसेल. शेजारी माणूस बसवायचा, चालवणाऱ्यानं मीटरकडं बघायचं नाही, ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. पन्हाळ्याचा चढ चढवा. पिकअप गेला त्या क्षणी किमान आकडा दीड-दोन व्होल्टवर आला असेल, तर पाच व्होल्टची वाट कुठं तरी टेकतेय हे पक्कं झालं. पाच व्होल्ट ठाम राहिले आणि तरी कोड आला, तर सिग्नलच्या वायरीवर किंवा पिनेवर नजर वळवायची. साध्या मीटरला फार छोटा झटका दिसत नाही. मीटर काहीच दाखवत नसेल आणि फॉल्ट येत असेल, तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असलेल्या माणसाकडं जाणं बरं.

नशिबानं फॉल्ट आला आणि टिकून राहिला, व्होल्टेज खालीच अडकलं, तर तो क्षण वाया घालवू नका. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा, आणि त्या रांगेतले सेन्सर एकेक करून सोडा. ज्याचा कपलर सोडल्यावर मीटर उसळून पुन्हा पाचवर आला, तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे सोडूनही खालीच राहिला, तर वायर स्वतःच टेकलेली आहे. गरम टर्बोजवळ हात घालताना जपून. डिझेल टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूचं तापमान चढावर सहा-सातशे अंशांच्या घरात जातं आणि बाहेरचं ओतीव लोखंड पुढं बराच वेळ भाजण्याइतकं गरम राहतं.

वायर कुठं टेकत असेल? उभ्या गाडीत इंजिन कलवून बघता येतं. चाकांना पुढं-मागं दगड, हँडब्रेक वर, जाणता माणूस सीटवर, पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला. पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायचा, इंजिन एका अंगाला झुकेपर्यंतच. मग रिव्हर्स टाकून तसंच. तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहायचं, पुढं किंवा मागं चुकूनही नाही. इंजिन जेव्हा झुकतं, तेव्हा वायरिंगचा जुडगा कुठं ताणतो आणि कुठं घासतो ते डोळ्यांना दिसतं. माउंटिंगचं रबर बसलं असेल तर झुकणं दुपटीनं जास्त असतं, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत ते बसलेलं असतंच. नव्या गाडीत जो जुडगा ब्रॅकेटपासून बोटभर लांब होता, तो आता प्रत्येक चढावर ब्रॅकेटला घासतो.

तुमच्यासारखीच एक गाडी गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडं होती, वैभववाडीहून गगनबावड्याकडं येताना करूळ घाटात पिकअप सोडायची. पाच व्होल्ट कोसळतात हे मीटरनं दाखवलं. इंजिन झुकवलं तर इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) मागं, इंधन फिल्टरच्या पत्र्याच्या ब्रॅकेटपाशी जुडगा दबताना दिसला. वरून काळी नालीदार स्लीव्ह अखंड होती, म्हणून आधीच्या तिघांनी ती उघडली नव्हती. मी ब्लेडनं स्लीव्ह लांबीत चिरली. आतली टेप तेलानं आणि उष्णतेनं डिंकासारखी झालेली. ती सोडवत गेलो तर ब्रॅकेटच्या कडेच्या नेमक्या जागी एका वायरीचं प्लॅस्टिक नखाएवढ्या लांबीत सपाट झालेलं, आणि त्या सपाटीच्या मधोमध जोंधळ्याच्या दाण्याएवढं तांबं उघडं. तांब्याचा रंग काळपट, आणि ब्रॅकेटच्या कडेवर बरोबर तेवढाच एक चकचकीत ठिपका. दोन्ही खुणा समोरासमोर. माझ्याकडच्या पोराला मी ते भिंग घेऊन दाखवलं, कारण फॉल्टचा पुरावा इतका स्वच्छ नेहमी मिळत नाही. शेजारच्या वायरी चिमटीत धरून वाकवत गेलो. चांगली वायर सगळीकडं सारखी ताठ लागते, आतून तुटलेली एका जागी शिवणीच्या दोऱ्यासारखी मऊ वाकते. अशी एक मऊ जागा आणखी सापडली. ती तेव्हाच काढली नसती तर सहा महिन्यांनी गाडी परत आली असती.

टर्बोच्या बाजूनं जाणाऱ्या वायरींसाठी कंपनीनं पत्र्याचे उष्णतारोधक पडदे दिलेले असतात. जुन्या गाड्यांत ते हमखास गायब असतात. टर्बोचं काम करताना बोल्ट तुटला, पत्रा खडखडायला लागला, म्हणून काढून ठेवला आणि परत लावलाच नाही, असं होतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण तो पत्रा म्हणजे वायरिंगचं आयुष्य आहे. पडदा नसलेल्या वायरीचं प्लॅस्टिक भाजून करकरीत होतं, बोटानं वाकवलं की पापडासारखं तडकतं. तुमच्या गाडीत पत्र्याच्या जागी रिकामे बोल्ट दिसले तर जुन्या बाजारातून का होईना पण पत्रा मिळवून लावा, आणि त्या टप्प्यातल्या वायरींवर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा.

तेलाकडंही बघा. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर असणं जुन्या टर्बोत नवल नाही. पण सांध्यातून ते गळायला लागलं की खाली बसलेल्या कपलरचं सील फुगवतं, आणि बूस्ट सेन्सरच्या तोंडावर काजळी मिसळलेला चिखल बसतो. सेन्सर काढून सेन्सर-क्लीनरनं धुवा, आत काडी घालू नका. नवा टाकलाय तो ठीक आहे का याची एक सोपी खूण सांगतो: चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर बूस्ट किंवा इनटेक प्रेशरचा आकडा बघा. त्या वेळी सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथं ९४-९५ केपीएच्या (किलोपास्कल, दाबाचं माप) आसपास दिसायला हवं, रत्नागिरीला समुद्रकाठी १०० च्या जरा वर. इथला ९५ बघून कमी दाखवतोय म्हणून चांगला सेन्सर फेकलेला मी पाहिलाय.

कपलरच्या पिना हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मादी पिन सैल झाली की थरथरीत कॉन्टॅक्ट सुटतो. ती सैल होते बऱ्याचदा आपल्याच लोकांच्या हातून, मीटरची जाड पिन समोरून खुपसल्यानं. तपासायचं असेल तर त्याच मापाची एक सुटी नर पिन हातात घ्या आणि प्रत्येक भोकात घालून बाहेर ओढा. हलकासा अडकाव जाणवला पाहिजे. एखादीत पिन आपोआप घसरून आली तर ती पिन बदलायची, चिमट्यानं दाबून तात्पुरतं होतं, टिकत नाही. हिरवा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा. गंज सोडवायचा सगळ्या कामाचा स्प्रे कपलरात मारून तसाच सोडू नका, त्याचा तेलकट थर धूळ धरतो.

वायर जोडायची झाली तर काळं-हिरवं तांबं संपून लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत कापा. त्याच जाडीचा तुकडा घ्या. दोन टोकं पिळून टेप मारणं हा जोड नाही. योग्य मापाच्या धातूच्या स्लीव्हमध्ये क्रिम्प करा, म्हणजे हत्यारानं दाबून घट्ट बसवा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. हलणाऱ्या जागी नुसतं सोल्डर टाळा, सोल्डर जिथं संपतं तिथं वायर ताठ होते आणि हेलकाव्यानं नेमकी तिथंच तुटते. शेजारच्या वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, पुढं-मागं ठेवा. एकमेकींवर पिळलेल्या दोन वायरी असतील, क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचं फिरणं बघणाऱ्या) किंवा कॅनच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या), तर जोडल्यावर पीळ तसाच परत घाला.

आपल्या भागाच्या म्हणून तीन गोष्टी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडच्या कित्येक गाड्या पाण्यात होत्या आणि त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून विकल्या गेल्या. गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली असेल तर पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून बघा. गाळाची रेघ किंवा कपलरमध्ये मातीचा पिवळा थर दिसला, तर वायरीच्या आतून पाणी वर चढलेलं असू शकतं आणि तिथं फॉल्टला अंत नसतो. दुसरं, उसाच्या फडाजवळ किंवा गुऱ्हाळाशेजारी लावलेल्या गाड्यांत उंदीर-घुशी. बोनेटच्या आतल्या कापडी अस्तराचा चुरा दिसला की जुडग्याची खालची बाजू आरसा धरून तपासा, वरून सगळं शाबूत दिसतं. तिसरं, बाहेरून बसवलेलं सामान: जादा हॉर्न, फॉग, ॲम्प्लिफायर, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा. मूळ वायरीला चिरून टेपनं जोडलेलं असं जे असेल ते सगळं आधी सोडून गाडी आठ दिवस चालवा. आणि फ्यूज उडतो म्हणून दहाच्या जागी वीसचा कुणी टाकलाय का, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून एकेक पडताळा. ही खोड गाडी जाळते.

पावसात फॉल्ट वाढत असेल तर वायपरखालची जाळी उघडा. तिथली पाणी जायची भोकं पानांनी तुंबली की पाणी फ्यूज बॉक्सवर नाहीतर थेट ईसीएमवर उतरतं. झाडांना पाणी मारायच्या स्प्रेनं एकेका कपलरवर फवारा मारून फॉल्ट बोलावता येतो. उष्णतेचा संशय असला तर केस वाळवायचा ड्रायर एकेका सेन्सरवर धरायचा. क्रँक सेन्सर असाच सापडतो: गरम झाला की गाडी झटक्यात बंद, वीस मिनिटांनी थंड झाला की चालू. पण तेव्हा इंजिनच बंद पडतं आणि पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड येतो, तुमच्यासारखा नुसता पिकअप जात नाही.

ईसीएमवर बोट ठेवायचंच असेल तर त्याआधी तीन गोष्टी कुणीतरी मोजून दाखवाव्यात. फॉल्ट चालू असताना ईसीएमला येणारे बारा व्होल्ट पूर्ण आहेत, त्याचं अर्थिंग भार असताना ठाम आहे, आणि ईसीएमच्या कपलरमधून ती पाच व्होल्टची पिन बाहेर काढून मोकळी केल्यावरही ईसीएमच्या पिनेवर पाच येत नाहीत. तिन्ही सिद्ध झाली तर मीच म्हणेन की ईसीएम बघायला द्या. तुमच्या तिसऱ्या गॅरेजनं यातलं काही मोजलं असं तुमच्या लिहिण्यात नाही. त्यांना रागानं नव्हे, पण सरळ विचारा की हे आकडे काय आले होते.

येत्या रविवारी तुम्ही स्वतः एवढंच करा: सेल्फ मारताना अर्थिंग मोजा, फ्यूज पडताळा, बाहेरून बसवलेलं सोडा, टर्बोचा पत्रा आहे का बघा आणि वही सुरू करा. टाचण्या लावून घाटात मीटर न्यायचं काम अनुभवी वायरमनबरोबर करा, एकट्यानं नको. दुरुस्ती झाल्यावर मीटरच्या वायरी लगेच काढू नका. त्याच माणसांनिशी, तेवढंच सामान भरून साखरप्यावरून आंबा घाट पुन्हा चढवा, वर पोचल्यावर मिन-मॅक्सचा किमान आकडा वाचा, आणि तो ४.९ च्या खाली आला नसेल तरच टाचण्या काढून त्या जागेला सीलंटचा थेंब लावा.